सोडचिठ्ठीचं नंतर बघू, आधी बाकीचं

पत्र:

ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीन. नवरा दारू पीत नाही, बाहेर सगळे त्याला सज्जन म्हणतात, पण घरात हात उचलतो, माझी नोकरी सुटल्यापासून तर जास्तच. चार महिन्यांपूर्वी रात्री खूप मारलं तेव्हा मी मुलाला उचलून माहेरी आले, मुलगी आजीजवळ झोपली होती ती तिकडेच राहिली. आता तिच्याशी फोनवरही बोलू देत नाहीत. मागच्या आठवड्यात त्याच्या वकिलाची नोटीस आली, पंधरा दिवसात नांदायला या नाहीतर घटस्फोट आणि दोन्ही मुलांचा ताबा मागू. सासू म्हणते घर माझ्या नावावर, तुझा काय संबंध. दागिने तिच्या लॉकरला. नवरा म्हणतो म्युच्युअलवर, म्हणजे संमतीच्या घटस्फोटावर, सही कर, मुलगी देतो, पण पोटगी मागायची नाही. वर सांगतो की सध्या त्याला पगारच नीट मिळत नाही. भाऊ म्हणतो कोर्ट पोलीस नको, संसार कायमचा मोडेल. मला एक नोकरी मिळतेय पण सगळे म्हणतात नोकरी लागली की पोटगी विसर. सोडचिठ्ठी घेऊ का नको, एवढंच सांगा.

उत्तर:

एवढंच नाही सांगणार गं. कारण तुझ्या पत्रात सोडचिठ्ठी हा सगळ्यात कमी घाईचा प्रश्न आहे आणि तुला सगळ्यांनी मिळून तोच आधी सोडवायला बसवलंय. मार थांबला पाहिजे, मुलगी भेटली पाहिजे, राहायला छप्पर आणि हातात पैसे पाहिजेत, आणि हे सगळं घटस्फोट न घेता मागता येतं. लग्न तसंच ठेवून. मग सहा महिन्यांनी, वर्षाने डोकं शांत झालं की ठरव नवरा हवा का नको. उलट क्रमाने गेलीस, म्हणजे आधी घटस्फोटाची बोलणी, तर बाकी प्रत्येक गोष्ट, मुलगीसुद्धा, त्या सहीची किंमत म्हणून वापरली जाईल, आणि तसं चालूच झालंय ना, मुलगी देतो पण पोटगी नको, हे काय दुसरं आहे.

तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे असं धरून लिहितेय. डीव्हीचा, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि फौजदारी प्रक्रियेतली पोटगी कुठल्याही धर्माच्या बाईला लागू आहे, बाकीचं धर्माप्रमाणे थोडं बदलतं.

नोटिशीचं आधी उरकते कारण तीच तुला झोपू देत नसणार. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही. पंधरा दिवस हा आकडा त्या वकिलाने टाकलेला आहे, सोळाव्या दिवशी काही होत नाही. पण उत्तर दे, लेखी, तुझ्या वकिलाकडून, आणि त्यात स्वच्छ लिही की मी मजेने माहेरी आलेली नाही, अमुक रात्री मारलं म्हणून आले, मुलीशी बोलू देत नाहीत, दागिने परत दिलेले नाहीत. गप्प बसलीस तर पुढे दोन वर्षांनी तोच म्हणेल की बघा ही विनाकारण सोडून गेली, मी बोलावलं तरी आली नाही. तो कोर्टात नांदायला येण्याचा दावा टाकू शकतो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली, पण समजा त्याला तसा हुकूम मिळालाच तरी पोलीस येऊन तुला धरून सासरी सोडत नाहीत, ही भीती डोक्यातून काढ. एक मात्र खरं की असा हुकूम झाल्यावर वर्षभर एकत्र आला नाहीत तर त्यावरून घटस्फोट मागता येतो, म्हणून त्या दाव्याकडे दुर्लक्ष करायचं नाही, तारखेला हजर राहून तुझं कारण सांगायचं. आणि जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलंय की असा हुकूम बायकोविरुद्ध असला आणि ती गेली नाही, तरी न जाण्याचं पुरेसं कारण असेल तर तेवढ्यावरून तिची पोटगी जात नाही.

आता मुख्य काम. डीव्ही, म्हणजे 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. मी तुझ्या जागी पहिला अर्ज याच्याखाली करीन, आणि कारण सांगते. एक तर हा अर्ज तू जिथे आत्ता राहतेस तिथल्या मॅजिस्ट्रेट कोर्टात चालतो, माहेर तात्पुरतं असलं तरी. मुलीच्या ताब्याचा वेगळा दावा गार्डियन, म्हणजे मुलांच्या पालकत्वाच्या कायद्याखाली टाकायला गेलीस तर तो मुलगी जिथे राहते तिथे टाकावा लागेल, म्हणजे त्याच्या गावी तारखांना फेऱ्या तू मारणार. डीव्हीच्या एकाच अर्जात मारहाण बंदीचा आदेश, राहण्याची सोय, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई हे सगळं येतं. आणि भावाला हे नीट समजावून सांग की हा एफआयआर नाही. अर्ज केला म्हणून कुणाला अटक होत नाही. आदेश झाल्यावर तो मोडला तर मात्र गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कायदा त्याला आधी सांगतो की हात लावू नकोस, आणि लावला तर मग पुढचं. संसार मोडतो तो अर्जाने नाही मोडत, भावाला रागावू नकोस पण एवढं विचार की त्या रात्री जे झालं त्याला तो काय म्हणतो.

मारहाणच पाहिजे असंही नाही बरं का या कायद्याला. शिव्या, अपमान, मुलीशी बोलू न देणं, पैसे अडवणं, दागिने दाबून ठेवणं हे सगळं त्यात बसतं. सासूविरुद्ध पण अर्ज होऊ शकतो, पूर्वी कायद्यात प्रौढ पुरुष असे शब्द होते ते 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने काढून टाकले. पण म्हणून नणंद, दीर, मावससासू, लग्नात ज्याने ज्याने तोंड वाकडं केलं त्या सगळ्यांची नावं घालू नकोस. कुणी सुचवेल तसं, वकीलही सुचवतात कधी कधी, दबाव येतो म्हणून. त्याने तुझीच केस पातळ होते, आणि अख्खं खानदान केसमध्ये ओढल्याबद्दल कोर्टांनी वेळोवेळी झापलेलं आहे.

अर्ज कसा करायचा, तर तुझ्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे जा, ते घटनेचा अहवाल तयार करतात आणि कोर्टात देतात, फी नाही. नाहीतर थेट वकिलामार्फत, किंवा स्वतः. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल असलाच पाहिजे अशी अट नाही, 2022 मध्ये हे स्पष्ट झालंय, त्यामुळे साहेब रजेवर आहेत म्हणून महिना घालवू नकोस. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसात आणि निकाल 60 दिवसात लावायचा प्रयत्न करावा. कागदावर. प्रत्यक्षात समन्स त्याच्या हातात वेळेवर पडत नाही, समोरचा वकील वेळ मागतो, तारखा पडत राहतात, हे आत्ताच ऐकून ठेव म्हणजे तिसऱ्या तारखेला रडू येणार नाही. म्हणूनच मुख्य अर्जाबरोबर त्याच दिवशी डीव्हीच्या कलम 23 चा अंतरिम, म्हणजे निकालाआधीच तात्पुरता आदेश मागायचा, अर्ज गेला पाहिजे, प्रतिज्ञापत्रासकट, आणि परिस्थिती तशी असेल तर समोरच्याला ऐकायच्या आधीच एकतर्फी आदेशही मिळू शकतो. वकिलाला तोंडावर विचार, अंतरिम टाकलाय का. नंतर टाकू म्हणाला तर का नंतर ते विचार.

मुलगी. इथे मला तुझी सगळ्यात जास्त काळजी वाटतेय खरं तर. चार महिने झालेत, आणि ताब्याच्या भांडणात वेळ हा ज्याच्याकडे मूल आहे त्याच्या बाजूने जातो, उद्या तो म्हणेल ती इथे रुळलीय, शाळा चालू आहे, आजी सांभाळतेय, कशाला हलवता. कोर्टही एकदम हलवायला कचरतं. म्हणून या एका गोष्टीला आज उद्या नको. मुलगा साडेतीनचा, पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असा कायदाच आहे, तेव्हा दोन्ही मुलांचा ताबा घेऊ ही धमकी निम्मी तरी पोकळ आहे. मुलगी सात वर्षांची, तिच्याबाबतीत तो नियम नाही, पण याचा अर्थ ती वडिलांची असाही नाही, तिथे फक्त तिचं हित बघतात, कुणाकडे तिची शाळा, तब्येत, मन नीट राहील ते, आणि भावंडं तोडू नयेत हाही मुद्दा तुझ्या बाजूचा आहे. घरात आईला मारलेलं तिने पाहिलंय का, हे आठव आणि वकिलाला सांग. पैसे कमी आहेत म्हणून आईला मूल देत नाहीत हे खोटं, तेवढ्यासाठीच तर बापाकडून खर्च मागतात.

डीव्हीच्या अर्जात तात्पुरता ताबा माग, आणि तो मिळेपर्यंत भेट आणि रोजचा किंवा दिवसाआड व्हिडिओ कॉल, वेळ ठरवून माग. आजपासून नवऱ्याला रोज एक साधा मेसेज टाक की मुलीशी बोलायचंय, किती वाजता फोन करू. टोमणा नाही, भांडण नाही, एक ओळ. उत्तर नाही आलं तरी दुसऱ्या दिवशी परत. हेच मेसेज पुढे कोर्टात बोलतील. आणि शाळेत जाऊन तिला परस्पर घेऊन येऊ नकोस. मला माहितीये मनात येत असणार, कुणीतरी सांगितलंही असेल की तू आई आहेस तुला कोण अडवणार. अडवतील, शाळेच्या दारात तमाशा होईल, पोरगी घाबरेल आणि त्यांच्या वकिलाला आयतं मिळेल.

म्युच्युअलचं तर हसू येतं. संमतीने घटस्फोट मागायला नवरा बायको किमान एक वर्ष वेगळे राहिलेले लागतात, तुम्हाला झालेत चार महिने, म्हणजे ज्या कागदावर तो सही मागतोय तो आज कोर्टात दाखलच होऊ शकत नाही. मग सही कशावर? स्टॅम्प पेपरवर, नोटरीकडे, असंच ना. कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय घटस्फोट होत नाही, काही समाजात रूढीने काडीमोड चालते ती कायदा मानतो पण ती रूढी सिद्ध करावी लागते. बाकी तसला कागद घटस्फोट करत नाही, फक्त पुढे तुझ्याविरुद्ध दाखवायला उपयोगी पडतो की बघा हिने स्वतः पोटगी सोडली. आणि मुलांचा खर्च हा मुलांचा हक्क आहे, तो आईने सही करून सोडता येतच नाही. वर्ष झाल्यावर खरंच म्युच्युअल करायचं ठरलं तर तेव्हाही पहिली आणि दुसरी अशी दोन पावलं असतात, मध्ये सहा महिने, जे 2017 पासून कोर्टाला योग्य वाटलं तर माफ होतात, आणि हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. घाई त्याला असेल, तुला नाहीये.

घराबाबत सासू अर्धं खरं बोलतेय. घर तिच्या नावावर तर मालकी तिचीच, त्यात तुला वाटा नाही. पण लग्नानंतर तू जिथे संसार केलास त्या घरात राहायचा हक्क वेगळा, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घर नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर धरता येतं, त्याआधी 2006 चा निकाल उलटा होता तो बाजूला सारला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हेही आलं की ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली अर्ज करून सुनेचा हा हक्क असाच उडवता येत नाही. तरी, माझं स्पष्ट मत, त्याच घरात परत जायचा हट्ट धरू नकोस. जिथे मारलं तिथेच कोर्टाचा कागद घेऊन राहायचं म्हणजे रोजचा जाच. कायद्यात दुसरी सोय आहे, नवऱ्याने तेवढ्याच दर्जाची वेगळी जागा द्यावी नाहीतर भाडं द्यावं, ते माग.

दागिन्यांची यादी आज रात्रीच लिही. माहेरचे, सासरचे, बारशाला आले ते, सगळं, कुणी दिलं आणि साधारण कधी. लग्नाचे फोटो काढ, आईकडे सोनाराच्या पावत्या असतील त्या शोध. स्त्रीधन तुझं एकटीचं असतं, सासरी ठेवायला दिलं म्हणून त्यांचं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1985 मध्येच सांगून ठेवलंय. डीव्हीतच ते परत मागता येतं आणि लॉकरला हात लावू नये असा आदेशही मागता येतो, तो लवकर माग कारण लॉकर रिकामा व्हायला दुपार पुरते.

पुरावा म्हणून त्या रात्रीचं काय आहे तुझ्याकडे? दवाखान्यात गेली होतीस का, केसपेपर, एक्सरे, भावाला किंवा मैत्रिणीला केलेला फोन, व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो, शेजारचं कुणी. काहीच नसेल तरी अर्ज होतो, तुझा जबाबही पुरावाच आहे. पण असेल ते जप, फोन बदलू नकोस, चॅट डिलीट करू नकोस, सगळं भावाच्या ईमेलला पाठवून ठेव. नवऱ्याचे फोन रेकॉर्ड केलेले चालतात का म्हणून बऱ्याच जणी विचारतात, तर जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने नवरा बायकोतलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या वगैरे केसमध्ये पुरावा म्हणून येऊ शकतं असं म्हटलंय. त्यासाठी मूळ फोन लागतो, प्रमाणपत्र लागतं, ते वकील बघेल. मात्र तुझेही फोन तो रेकॉर्ड करत असणार हे धरूनच बोल.

पोलिसांचं म्हणशील तर सासरच्या छळाचं पूर्वीचं कलम 498 अ आता भारतीय न्याय संहितेत 85 आणि 86 झालंय, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ते करायचं का नाही हा तुझा निर्णय, मी ढकलणार नाही आणि अडवणारही नाही. फक्त तडजोडीसाठी दाबायचं हत्यार म्हणून करू नकोस, केलंस तर खरं आहे तेवढंच लिही. पण त्याने माहेरी येऊन धिंगाणा घातला, मारायला आला तर तेव्हा विचार करत बसायचं नाही, 112. बोलायचं, सल्ला, आसरा पाहिजे तर महिला हेल्पलाइन 181. आणि नातेवाईक बैठक बोलावतील, मिटवून टाकू म्हणून, जायचं तर एकटी जाऊ नकोस आणि तिथे कशावरही सही नाही, घरी नेऊन वाचते म्हणायचं.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबली असशील तर थांबू नकोस. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, नोकरी असली तरी. कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, नाहीतर 15100 ला फोन लाव. फुकटचा वकील म्हणजे कामचुकार असं काही नसतं, खाजगीतलेही बघितलेत. पटला नाही तर बदलून मागता येतो.

आता पैसे, आणि त्यातच तुझी नोकरी. पोटगी डीव्हीत मागता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली मागता येते (जुनं 125 तेच), घटस्फोटाची केस चालू झाली तर तिच्यातही. दोन ठिकाणी मागितलीस तर लपवायचं नाही, एकीकडे मिळाली ती दुसरीकडे वजा होते. नवरा पगार नाही म्हणतोय ना, तर नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मालमत्ता, उत्पन्न, कर्ज, सगळ्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, बँक स्टेटमेंट, रिटर्न, पगाराच्या स्लिपा सकट. तिथे खोटं लिहिलं तर अंगाशी येतं. तुला त्याचं काय काय माहितीये, कुठलं खातं, कुठली पॉलिसी, गाडीचा हप्ता कोण भरतं, ते लिहून ठेव, धडधाकट शिकलेला माणूस नुसतं पैसे नाहीत म्हणून सुटत नाही. त्याच निकालात अजून एक आहे जे तुझ्या भावाला वाचून दाखव, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे बघू, थांबू, दिवाळीनंतर, असं म्हणत गेलेले चार महिने गेले ते गेले. आदेशानंतर दिली नाही तर वसुलीचा अर्ज असतो, वॉरंट निघतं, कलम 144 खाली थकलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत आत टाकतात, पण तो अर्ज थकल्यापासून वर्षाच्या आत करायचा.

आणि नोकरी घे. उद्याच हो म्हण. बायको कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही हे त्याच निकालात आहे, तिच्या पगारात ती सासरी राहत होती तसं राहू शकते का ते बघतात, आणि मुलांचा खर्च तर वेगळाच. रक्कम थोडी कमी होईल कदाचित. होऊ दे. कोर्टाची रक्कम हातात यायला वेळ लागतो आणि पगार एक तारखेला येतो. फक्त प्रतिज्ञापत्रात तो पगार लिही, पहिला महिना असला तरी, आणि ऑफिसात आधीच सांगून ठेव की महिन्यातून एखाद दिवस कोर्टाची तारीख असेल.